खाली आहे का?

लग्न होऊन मी साताऱ्याहून ग्वाल्हेरला आले तेव्हा आईनं बरोबर एक लोखंडी खलबत्ता दिला आणि एक ताकीद दिली, की सासरी जीभ आवरून राहा. त्यांतला खलबत्ता मी पुष्कळ वर्षं नीट सांभाळला.

पहिल्याच संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. माझ्या सासूबाईंना सगळं घर आईसाहेब म्हणायचं. त्या जवळ आल्या, पदर सारखा केला आणि प्रेमानं म्हणाल्या, "सूनबाई, खाली बसू नको हं." मी मनात म्हटलं, असेल यांच्यात काही रीत. घराणं पूर्वीचं शिपाईगिरीचं, नव्या नवरीनं जमिनीवर बसत नसतील. सगळ्या बायका सतरंजीवर बसल्या आणि मी जड शालू सावरत भिंतीशी उभी राहिले. पायांत गोळे यायला लागले तेव्हा आईसाहेबच म्हणाल्या, "अगं, उभी का अशी? काही राग आला का?" मी रडवेली होऊन म्हटलं, "तुम्हीच तर सांगितलंत, खाली बसू नको."

त्यांना म्हणायचं होतं, नुसती रिकामी बसू नकोस, चारचौघींशी बोल, कुणाला पान-सुपारी दे. हिंदीत रिकाम्याला खाली म्हणतात, आणि इथल्या मराठी घरांनी तो शब्द केव्हाच घरात घेतला होता. सतरंजीवरच्या बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. पुढे आईसाहेब होत्या तोवर दर हळदीकुंकवाला ती गोष्ट सांगायच्या, आणि दर वेळी मी थोडी जास्तच उभी राहिलेली असायची.

आमच्या यांचंही तेच. "तांदळाचा डबा खाली आहे." "सिलेंडर खाली झाला." मी मुद्दाम वाकून डब्याखाली बघायची आणि म्हणायची, "खाली फरशी आहे. दुसरं काही नाही." ते म्हणायचे, "मला काय पता तुमच्या साताऱ्यात काय म्हणतात." मी म्हणायची, "साताऱ्यात मराठी म्हणतात." आमचा संसार बराचसा याच भांडणावर चालला. मला त्यांची मराठी लागायची, खुपायची, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणी तिला हसलं तर मी त्याच्या अंगावर धावून जायची. पुण्याच्या माझ्या मावसभावानं एकदा यांची नक्कल केली, तेव्हा मी त्याच्या पानातला दुसरा मोदक परत काढून घेतला होता.

आता करवतींचं सांगते. आमच्या यांना जुन्या चेनसॉचं वेड आहे. म्हणजे पेट्रोलवर चालणारी, साखळीची करवत, झाडं कापायची. नव्या बाजारात हव्या तेवढ्या मिळतात. त्यांच्याकडे हे ढुंकूनही बघत नाहीत. यांना हव्यात त्या आपल्या तरुणपणाआधी कुठेतरी परदेशात बनलेल्या, ज्यांच्या कंपन्या बुडाल्या, ज्या अंगानं जड आहेत आणि एखाद्या वखारीत गंजत पडल्या आहेत. नोकरी आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवायची. दिवसभर लोखंड, आणि घरी येऊन पुन्हा लोखंड. दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरामागे एक खोली आहे. ती मी लोणची-पापडांसाठी धरून ठेवली होती. तिच्यात एकेक करत सहा जणी नांदायला आल्या. करवत आणि सवत हे यमक मीच जुळवलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

अशी करवत मिळणं सोपं, चालू करणं कठीण, कारण तिचे भाग कुठेच मिळत नाहीत. मग हे इकडचं तिकडे लावत बसायचे. बेअरिंग नि ऑइल सील मापाला माप जुळवून बाजारातून आणायचे. कंडेन्सर स्कूटरचा चालतो असा शोध लागला, आणि तो आमच्याच स्कूटरचा काढला हे मला भाचीच्या लग्नाला निघताना कळलं. मी पैठणी नेसून स्कूटरवर बसलेली आणि हे किक मारताहेत, मारताहेत. अखेर म्हणाले, "आज ही चालू नाही होणार. माझ्याच्यानं एक गलती झाली आहे." कार्बोरेटरमध्ये रबराचा एक पातळ पडदा असतो, तो वर्षानुवर्षांत कडक होतो. त्यासाठी त्यांनी माझ्या भांडी घासायच्या नव्या हातमोज्याचा तळवा कापला. तो पेट्रोलनं फुगून बटाट्याच्या पापडासारखा वाकडा झाला. मला मोज्याचं दुःख नव्हतं. उरलेली बोटं त्यांनी घडी घालून परत खुंटीला लावून ठेवली होती, त्याचा राग आला होता.

सगळ्यांत पट्टराणी पिवळी. शिवपुरीकडच्या एका भंगारवाल्याकडून गोणपाटात गुंडाळून आली, तेव्हा ती पिवळी आहे हेसुद्धा कळत नव्हतं. तिच्यामागे दोन हिवाळे गेले. ज्या रविवारी ती पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी मला स्वयंपाकघरातून हाताला धरून अंगणात नेलं. दोरी ओढली, पुन्हा ओढली, निळा धूर आला आणि ती अशी काही कडाडली की शेजारची भांडी वाजली. "बघ, कशी बोलते!" हे ओरडले. मी म्हटलं, "बोलते कसली, भांडते." हे म्हणाले, "मग तुझीच बहीण." कपाळावर काळ्या तेलाचा पट्टा, आणि चेहरा असा की नातवाचं बारसं आहे. त्या दिवशी मी त्यांच्यावर अजिबात रागावले नाही.

या करवती नुसत्या मांडून ठेवायला नव्हत्या. आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, आलं की कॉलनीत कुठेतरी फांदी पडायचीच, आणि लोक यांना बोलवायचे. त्यांची कामाची एक ठरलेली रीत होती. फांदी जवळजवळ कापून झाली की शेवटच्या घावाआधी इंजिन हळू करायचं आणि वरून विचारायचं, "खाली है?" खाली एक माणूस उभा असायचा, बहुतेक आमचे शेजारीच. तो चहूकडे बघून सांगायचा, "खाली है!" म्हणजे जागा मोकळी आहे, पाडा. ते उत्तर आल्याशिवाय हे कधी घाव घालायचे नाहीत. या बाबतीत माणूस काटेकोर.

मागच्या उन्हाळ्यात मोठी आंधी आली. शेजारच्या अंगणातला कडुनिंब आमच्या गच्चीवर वाकलेला आहे, त्याच्या दोन फांद्या मोडल्या. एक वरच्या वर दुसऱ्या फांद्यांत अडकून राहिली. दुसरी, चांगली मांडीएवढी जाड, अर्धी तुटून आमच्या मागच्या अंगणावर लोंबकळत होती. सकाळी हे पिवळी घेऊन गच्चीवर गेले. शेजारी गावाला गेले होते. मी आत पोळ्या करत होते. खिडकीतून पाहिलं तर करवतीचा भुसा भुरुभुरु खाली येतोय आणि नुकत्या वाळत घातलेल्या चादरींवर बसतोय. माझं डोकं फिरलं. गॅस बंद केला आणि चादरी काढायला गेले. वर नुसता पाला, त्यातून ना मला ते दिसत होते ना त्यांना मी.

तेवढ्यात इंजिन हळू झालं, आणि वरून आवाज आला, "खाली आहे का?"

शेजारी नव्हते, घरात मीच होते, म्हणून त्यांनी मराठीत विचारलं.

मी चादर ओढता ओढता मान वर करून ओरडले, "आहे! खाली आहे!"

त्यांनी विचारलं होतं, जागा मोकळी आहे का. मी ऐकलं, तू खाली आहेस का. मी म्हटलं, हो, मी खाली आहे. त्यांनी ऐकलं, हो, मोकळं आहे. इतकी वर्षं त्या एका शब्दावरून मी त्यांना चिडवलं होतं. त्यांचा खाली कोणता आणि माझा कोणता हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण घाईत माणूस आईच्या भाषेतच ऐकतो. मी साताऱ्याचं ऐकलं, त्यांनी ग्वाल्हेरचं.

पिवळी गरजली आणि फांदी आली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. तोंडात पाल्याची कडू चव होती. माझ्या अंगावर पिवळ्या फुलांची चादर होती आणि ती फाटली म्हणून मी हळहळत होते. हे जिन्यावरून धडपडत आले; आधी त्यांनी करवत तशीच चालू हातातून टाकली होती, ती गच्चीवरून घसरून खाली दगडी पायरीवर आपटली. तिचे तुकडे माझ्या पायाशी पडले होते. हे काहीतरी बोलत होते, नुसतं "अगं, अगं, अगं," एवढंच. ती त्यांची शेवटची मराठी.

उजवा खांदा आणि दंडाचं हाड गेलं. आत पट्टी घातली, स्क्रू घातले. मुलगी इंदूरला नोकरी करते, ती रजा काढून आली, राहिली, परत गेली. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा, डोकं वाचलं. ते खरंच होतं. फक्त हात कानाच्या वर जात नाही, जाणारही नाही म्हणतात. म्हणजे वेणी घालता येत नाही, वरच्या फळीवरचं काढता येत नाही, खलबत्त्यात वेलदोडासुद्धा कुटता येत नाही.

हे सगळं करू लागले. कणीक मळायचे, कपडे धुवायचे, माझी वेणी घालायचे. जुन्या करवतींना हादरे झेलायचं रबर नसतं, त्यानं त्यांची बोटं कायमची बधिर झाली आहेत. त्या बोटांनी हळूहळू केस विंचरायचे, एक केस तुटला तरी थांबायचे. पण सगळं हिंदीत. "दवाई ले लो." "पानी गरम है।" "दर्द तो नहीं है?" पहिल्यांदा मला वाटलं, दवाखान्यात नर्सशी, डॉक्टरांशी हिंदी बोलून सवय लागली असेल, जाईल. गेली नाही. मी मराठीत बोलायची, उत्तर हिंदीत यायचं. नम्र, मऊ, तोलून-मापून. बँकेत एखाद्या अनोळखी बाईशी बोलावं तसं. सेवा इतकी की जिवंतपणी मला देव्हाऱ्यात बसवली होती, आणि देवाशी कोण भांडतं?

मागच्या खोलीला त्यांनी कुलूप लावलं. आंधीत पडलेल्या फांदीसाठी कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, मशीन खराब है. आयटीआयमधून आले की पलंगावर बसून भिंतीकडे बघायचे. माणूस वाळत चालला होता. मला खांदा ठणकायचा त्याहून हे जास्त दुखायचं.

एकदा वेणी घालत असताना मी म्हटलंच, "मराठीत बोला की हो माझ्याशी. काय शपथ घेतलीय का?"

कंगवा थांबला.  मग पाठीमागून म्हणाले, "मेरी मराठी ने तुम्हारा हाथ तोड़ा है। अब नहीं।"

मी मागे वळून बघायला गेले, खांद्यातून कळ आली, त्यांनी मला पुन्हा सरळ बसवलं आणि वेणी पुरी केली. मी त्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून रडले. मला माझ्या हाताची एवढी तमा नव्हती. या शहरात आमची मराठी म्हणजे चार घरं, गणपती, आणि आमच्या दोघांची भांडणं. आईसाहेब गेल्या. मुलगी फोनवर अर्ध्या वाक्यात हिंदीत घसरते: "आई, पापा अजून तसेच आहेत? मतलब, बात ही नहीं करत?" हे गप्प झाले तर या घरात मी कुणाशी बोलू? त्यांची ती मोडकी, हिंदी घुसलेली मराठी, जिची मी जन्मभर टिंगल केली, ती मला परत हवी होती. बाकी मला काही नको होतं.

आधी मी युक्त्या केल्या. एक दिवस मुद्दाम म्हटलं, "अहो, साखरेचा डबा खाली आहे." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून त्यांचा खाली निघाला होता. पूर्वीचे हे असते तर टाळ्या पिटून नाचले असते. ते उठले, म्हणाले, "भर देता हूँ," आणि साखर भरून परत पलंगावर जाऊन बसले. मी डब्याचं झाकण इतक्या जोरात लावलं की ते चेपलं.

मग मी ठरवलं, माणूस जिथे मोडला तिथूनच त्याला धरायचं. मागच्या खोलीचं कुलूप मी डाव्या हातानं उघडलं. सहाही जणी जुन्या चादरीखाली झाकून ठेवल्या होत्या, आणि ती चादर तीच होती, पिवळ्या फुलांची, फाटलेली.  पिवळीचं स्टार्टरचं झाकण, म्हणजे ज्यात ओढायची दोरी आणि तिची स्प्रिंग बसते ते, चार तुकडे होऊन एका परातीत होतं. ती परातही माझीच.

तुकडे आणून मी त्यांच्यासमोर पलंगावर ठेवले. म्हटलं, "उद्या मी हे वेल्डिंगला नेणार. कोपऱ्यावरचा ग्रिलवाला करून देईल."

हे ताडकन उठले. "पागल हो क्या? एल्युमिनियम नहीं है ये, मैग्नीशियम है! आग पकड़ लेगा! उसकी दुकान जलाओगी, खुद जलोगी!" आवाज चढलेला, मानेच्या शिरा ताणलेल्या. हिंदीत का होईना, पण माझ्यावर ओरडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की मी उलट ओरडायचीच विसरले. "मग नवं कुठे मिळेल?" "कहीं नहीं मिलेगा।" "शोधलंत का?" ते पुन्हा बसले. "रहने दो," म्हणाले.

मी राहू देणाऱ्यांतली नाही. दुसऱ्या दिवशी तुकडे पिशवीत घालून ई-रिक्षानं टोपी बाजार गाठला. सील आणि बेअरिंगवाले यांचे नेहमीचे दुकानदार तिथेच. मी एकटी, उजवा हात पोटाशी धरलेला, आणि पिशवीतून पिवळे तुकडे काढतेय. पहिल्यानं विचारलं, "बहनजी, मिक्सी का है?" दुसरा म्हणाला, असा माल आता कुणी ठेवत नाही. तिसऱ्यानं तुकडा हातात घेऊन फिरवला आणि मला ओळखलं. "मास्टर साहब के घर से हो? कैसे हैं वो? आते ही नहीं।" मी सांगितलं, बरे नाहीत. खोटं नव्हतं. तो म्हणाला, माधवगंजात एक लाकडाची वखार होती, मालक गेले, वखारही बंद झाली, पण त्यांच्याकडे असली पिवळी मशीन त्यानं पूर्वी पाहिली होती.

माधवगंजातलं ते घर विचारत विचारत सापडलं. दार सताड उघडं, आणि दार आपटू नये म्हणून त्याला आतून एक अवजड, काळीकुट्ट वस्तू लावून ठेवलेली. साखळी नाही, पातं नाही, पण कुशीवर खरवडलं तर पिवळा रंग. मी दारातच खाली बसले, माझ्या खालीत, उंबऱ्यावर. स्टार्टरचं झाकण अख्खं होतं.

मालकांच्या पत्नी म्हाताऱ्या, पांढऱ्या पातळातल्या, बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं, हाताचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. "ले जाओ बहू," त्या म्हणाल्या. "पर मेरा किवाड़ कौन रोकेगा? हवा में दिन भर पटकता है।" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, उद्या सोय करून नेते.

घरी येऊन मी बघितलं, काय जड आहे आणि काय माझ्या उपयोगाचं राहिलेलं नाही. आईचा खलबत्ता ओट्याखाली बसला होता. त्याच्यावरून हात फिरवला. आई, माफ कर, म्हटलं. तुझ्या ताकिदीचं मी वाटोळं केलंच होतं, आता हाही चालला. दुसऱ्या दिवशी तो माधवगंजातल्या त्या दाराशी ठेवला. त्यांनी दार ढकलून बघितलं. जागचं हललं नाही. त्या खूश झाल्या, मला चहा पाजला, आणि रिक्षावाल्यानं ती करवत माझ्या पायांशी ठेवून दिली.

हे कामावरून आले तेव्हा ती काळी वस्तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वर्तमानपत्रावर ठेवली होती. हे दारातच थांबले. चपला न काढता जवळ आले, बोटानं तो खरवडलेला पिवळा भाग चोळला. मग ओट्याखाली पाहिलं. खलबत्त्याची जागा मोकळी होती, फरशीवर गोल डाग तेवढा उरला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मग आत जाऊन पान्यांची पेटी घेऊन आले.

पुढचे काही दिवस टेबल त्यांचं झालं आणि आम्ही जमिनीवर जेवलो. झाकण रॉकेलनं धुतलं, दोरी नवी ओवली. हँडल वाकलं होतं ते सरळ केलं. स्प्रिंग गुंडाळून बसवणं सगळ्यांत चिवट काम. ती घड्याळाच्या चावीसारखी चढवत न्यायची आणि सुटली तर डोळा फोडते. दोन हात पुरत नाहीत. मी डावा हात पुढे केला. "यहाँ पकड़ो," ते म्हणाले. मी अंगठ्यानं दाबून धरली. "छोड़ना मत." मी मनात म्हटलं, सोडते कसली. आमची डोकी एकमेकांना लागत होती, त्यांच्या श्वासाला रॉकेलचा वास होता. स्प्रिंग बसली. मला वाटलं, आता बोलतील. "हो गया," म्हणाले.

दसरा झाला. यंदा शस्त्रांच्या पूजेत आईसाहेबांच्या सासऱ्यांच्या तलवारीशेजारी पिवळी मांडली, मी मांडली, आणि हे हळद-कुंकू वाहताना तिच्याकडे बघायचं टाळत होते. त्या सुमारास शेजाऱ्यांनी बोलणं काढलं. कडुनिंबात अडकलेली ती दुसरी फांदी आता वाळून खडखडीत झाली होती, कधीही आमच्या अंगणात कोसळेल. कुणीतरी माणूस आणतो म्हणाले. मी यांच्याकडे बघत म्हटलं, "माणूस घरात आहे."

रविवारी सकाळी हे पिवळी घेऊन गच्चीवर गेले. शेजाऱ्यांना मीच सांगितलं होतं, आज तुम्ही येऊ नका. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, डोक्यावर छत, डावा हात चौकटीवर. अंगणात कपड्यांची दोरी रिकामी. वर दोरी ओढल्याचा आवाज आला, मग कडाडणं, मग तो निळा धुराचा वास.  त्या आवाजाला माझ्या खांद्यातली पट्टी कशी झणझणली ते सांगता येत नाही. भुसा पडायला लागला. मग इंजिन हळू झालं.

मी वाट बघत होते. वरून काही विचारणं नाही. नुसतं फट् फट् फट्. मग तेही बंद झालं आणि जिन्यावर पावलं वाजली. हे खाली आले, अंगणात चहूकडे पाहिलं, दारात मला पाहिलं, आणि परत वर गेले. पुन्हा दोरी, पुन्हा कडाडणं, पुन्हा हळू. पुन्हा बंद. पुन्हा जिना. या वेळी त्यांनी अंगणाचा कोपरा न् कोपरा पाहिला.  चेहरा घामानं भिजलेला. त्यांना आपल्याच डोळ्यांवर भरवसा राहिला नव्हता. दोन जिने चढेपर्यंत मी कुठून तरी फांदीखाली येऊन उभी राहीन, असं त्यांना वाटत होतं. "आज नहीं होगा," म्हणाले, पण वर मात्र गेले, करवत आणायला.

मला कळलं, ही आज खाली उतरली की कायमची उतरली. तीही आणि हेही.

वर पिवळी अजून गरम होती. मी चौकटीला धरून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "अहो! खाली आहे!"

वर पावलं थांबली. 

आणि मग पाल्यातून आवाज आला, चिरकलेला, रागावलेला, अगदी पूर्वीसारखा:

"कोणतं खाली? तुझं का माझं?"

 ते वाट बघत होते. उत्तर आल्याशिवाय घाव घालायचा नाही, ही त्यांची रीत.

"तुमचं!" मी ओरडले. "तुमचं खाली!"

दोरी ओढल्याचा आवाज आला. पिवळी एका ओढीत चालू झाली, आणि ती फांदी आमच्या अंगणात, जिथे कुणी नव्हतं तिथे, येऊन पडली.